डोंगरातल्या नदीलाही भरती-ओहोटी असते: ट्राउटचे पाणी कसे ओळखावे

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे पुण्याचे. वडील 64 वर्षांचे, उभा जन्म राजापूरच्या खाडीत गरवण्यात गेलेला. त्यांना मेच्या शेवटच्या आठवड्यात हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट, म्हणजे थंड पाण्यातला मासा, गरवायला न्यायचे आहे. पुढे ऑगस्टमध्ये स्वतः मित्रांबरोबर काश्मीरमधल्या उंचावरच्या तळ्यांचा ट्रेक करायचा आहे, तिथेही रॉड नेण्याचा विचार आहे. त्यांनी विचारले आहे: मेच्या शेवटी नदीची अवस्था कशी असते, पाणी बघून ते चांगले की वाईट हे कसे ओळखायचे, आणि नदीत जे चालते ते तळ्यात चालते का.

मी गेली अठरा वर्षे तीर्थनला जातो आहे, बहुतेक वर्षी दोनदा. काश्मीरच्या तळ्यांवर चार वेळा गेलो आहे. माझ्या वह्यांमध्ये प्रत्येक दिवसाचे पाण्याचे तापमान, रंग आणि वेळ लिहिलेली आहे. पुढचे सगळे त्या वह्यांवरून आणि तिथल्या जुन्या मच्छीमारांनी जे हात धरून दाखवले त्यावरून.

आधी वडिलांबद्दल. ते ट्राउटला नवखे असतील, पण पाण्याला नवखे नाहीत, आणि तेच महत्त्वाचे आहे. खाडीत गरी टाकणारा माणूस पहिल्यांदा भरती-ओहोटी बघतो, मग आमिषाचा विचार करतो. उधाण (मोठी भरती) आहे की भांग (लहान भरती), पाणी चढते आहे की उतरते आहे, हे बघितल्याशिवाय तो घरातून निघत नाही. त्यांना एवढेच सांगा की डोंगरातल्या बर्फाच्या नदीलाही रोज भरती येते आणि रोज ओहोटी लागते. फरक इतकाच की समुद्राची वेळ चंद्राप्रमाणे रोज पाऊणेक तास पुढे सरकते, आणि या नदीची वेळ सूर्याशी बांधलेली असते, त्यामुळे ती रोज जवळजवळ तीच.

मेच्या शेवटी वरच्या डोंगरांवर अजून भरपूर बर्फ असते. सकाळी नऊ-दहाला त्यावर ऊन पडते, दुपारी एक ते तीन या वेळात ते सर्वांत जोरात वितळते. पण ते पाणी खाली यायला वेळ लागतो. तीर्थन खोऱ्यातल्या गुशैणी गावाच्या आसपास, म्हणजे साधारण दीड हजार मीटर उंचीवर, मला नदी दुपारी दोन-तीनच्या सुमारास चढायला लागलेली दिसते. रात्री सात ते दहा या वेळात ती सर्वांत भरलेली असते. मग रात्रभर उतरत जाते आणि सकाळी आठ-नऊला सर्वांत खाली असते. तुम्ही जितके वर, बर्फाच्या जितके जवळ, तितकी ही भरती लवकर येते. एखादा दिवस ढगाळ गेला तर दुसऱ्या दिवशी पाणी कमी: तो भांग समजा. तीन-चार दिवस लख्ख ऊन आणि रात्रीही उकाडा, वर एखादी पावसाची सर बर्फावर पडली, की उधाण.

म्हणून पहिल्या सकाळी गळ टाकू नका. पोहोचल्या दिवशी संध्याकाळी काठावरच्या एखाद्या मोठ्या दगडावर पाण्याच्या रेषेला खडूने खूण करा, सकाळी पुन्हा बघा. दोन खुणांमधले अंतर चार बोटे असेल तर नदी शांत आहे. वीतभर असेल तर दुपारनंतर पाण्यात पाय घालायचा नाही. वडिलांना ही खूण करायला सांगा, ते ती तुमच्याहून बारकाईने करतील.

आता तापमान. माझ्या मते ट्राउटच्या बाबतीत सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे दोरी बांधलेला साधा थर्मामीटर, मग बाकीचे सगळे. ट्राउट थंड रक्ताचा मासा आहे, पाणी जेवढे तेवढेच त्याचे अंग. पाणी 4-5 अंशांवर असताना त्याला पचवायला इतका वेळ लागतो की तो तोंड उघडायचे कष्टच घेत नाही. 7-8 अंशांपासून तो हलू लागतो. आपल्याकडे ट्राउटच्या दोन जाती भेटतात, ब्राऊन आणि रेनबो. ब्राऊन ट्राउट 10 ते 15-16 अंशांत सर्वांत भुकेला असतो, रेनबो त्याहून एक-दोन अंश वर. 19-20 अंश ओलांडले की दोघांनाही त्रास सुरू होतो, आणि 25 च्या आसपास ब्राऊन ट्राउट फार काळ जगत नाही. यात ऊब हा एक भाग आणि प्राणवायू हा दुसरा. समुद्रसपाटीला 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 11 मिलिग्रॅमहून थोडा जास्त प्राणवायू मावतो, 20 अंशांच्या पाण्यात 9 च्या आसपास. म्हणजे पाणी तापते तेव्हा माशाची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच पुरवठा घटतो.

कोयनेत किंवा मुळशीला ट्राउट का नाही, हेही तुम्ही विचारले होते, त्याचे उत्तर यातच आले. आपल्या सह्याद्रीतल्या जलाशयांचे वरचे पाणी उन्हाळ्यात सहज 25 च्या वर जाते. दक्षिणेत निलगिरीच्या आणि मुन्नारच्या वरच्या अंगाला रेनबो तग धरून आहे तो तिथल्या दोन हजार मीटरच्या उंचीमुळे.

तर मेच्या शेवटी तीर्थनमध्ये दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. सकाळी सातला पाणी खाली असते, काचेसारखे नितळ असते, पण माझ्या वहीत ते 8 अंश, कधी 7. मासा आहे, दिसतोही, पण अंग हलवत नाही. मग ऊन दरीत उतरते, उथळ खळाळात दगड तापतात, आणि साडेदहा-अकरापर्यंत पाणी 10 वर येते, दुपारी एकला 11-12. त्यानंतर वरून वितळलेल्या बर्फाचा लोंढा येतो, पाणी पुन्हा गार होते, वेग वाढतो, रंग बदलतो. म्हणजे चांगली वेळ साडेदहा ते दोन. लोक पहाटे पाचला उठून रॉड घेऊन जातात, आठला कंटाळून परत येतात आणि पराठे खाऊन झोपतात. जागे होतात तेव्हा नदी चढलेली असते. पहाटेचा नियम मैदानातल्या, उन्हाने तापणाऱ्या पाण्याचा आहे, तो इथे मेमध्ये लागू नाही. जूनच्या मध्यापासून, बर्फ ओसरले की, हळूहळू सकाळ-संध्याकाळ खरी व्हायला लागते.

रंग ओळखायला मी एक जुनी रीत वापरतो. गुडघाभर संथ पाण्यात उभे राहायचे आणि खाली बघायचे. पायाची बोटे मोजता आली तर पाणी नितळ. बूट दिसतो पण बोटांचा आकार कळत नाही, पाण्याला हलकी हिरवट झाक आहे, तर ते सर्वांत उत्तम: माशाला आमिष दिसते, पण तुम्ही नीट दिसत नाही. बूटच दिसत नसेल तर फ्लाय, म्हणजे किड्यासारखे दिसणारे हलके नकली आमिष, गुंडाळून ठेवा. चमकता स्पिनर, म्हणजे पाण्यात गिरक्या घेणारे धातूचे आमिष, काठाजवळून हळू ओढून बघता येईल, नाहीतर चहा प्या. गढूळपणाचेही प्रकार आहेत. पावसाने धुपलेल्या मातीचा तांबूस गढूळपणा एका दिवसात बसतो. हिमनदीचा दुधी रंग बसत नाही, कारण ती माती नसते. सरकत्या बर्फाने कातळ दळून केलेले ते पीठ असते, इतके बारीक की दिवसेंदिवस पाण्यात तरंगत राहते. त्याने ऊन तळापर्यंत पोचत नाही, दगडांवर शेवाळ धरत नाही, शेवाळ नाही म्हणून किडे कमी, किडे कमी म्हणून मासा कमी आणि बारीक. तीर्थनचे सुख हे की तिच्यात मोठ्या हिमनदीचे पाणी फारसे नाही. ती बर्फाची, झऱ्यांची आणि जंगलाची नदी आहे. तिचे वरचे खोरे ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात येते, ज्याला 2014 मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. शेजारची पार्वती बघितलीत तर मेच्या शेवटी ती राखेच्या रंगाची असते. काश्मीरमध्ये पहलगामजवळची लिद्दर कोलाहोई हिमनदीचे पाणी आणते, म्हणून जून-जुलैच्या ऐन उन्हात तीही दुधी होते. उलट कोकरनागच्या झऱ्यांवर पोसलेली ब्रिंगी वर्षभर जवळपास एकाच तापमानाची आणि स्वच्छ. दोन नद्या शेजारी आहेत म्हणून त्यांची अवस्था एक समजू नये. नदी कुठून जन्मते हे आधी विचारावे.

मासा उभा कुठे असतो, यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे चूक झाली तर बाकी सगळे वाया जाते.

ट्राउट भटकत नाही. नदीत तो एक जागा धरतो, तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो, आणि पाणी जे आणेल ते खातो. त्याचा हिशेब सरळ आहे: उभे राहायला कमी ताकद लागली पाहिजे आणि समोरून जास्त खाणे गेले पाहिजे. म्हणजे संथ पाण्यात उभा, पण वेगवान पाण्याच्या अगदी लगत. दोन वेगांच्या पाण्यामधली ती शिवण नजरेला दिसते: एका बाजूला पाणी घडीघडीचे, दुसऱ्या बाजूला तेलासारखे गुळगुळीत, आणि मध्ये फेसाची बारीक रेघ. फेस जिथून जातो तिथूनच मेलेले, बुडालेले किडे जातात. फेसाची रेघ म्हणजे त्याचे ताट.

दगडामागे मासा असतो हे सगळ्यांना माहीत असते. दगडाच्या पुढेही असतो हे फार थोड्यांना. पाणी मोठ्या कातळावर आदळण्यापूर्वी त्याच्या तोंडाशी एक उशी तयार होते. तिथे प्रवाह मंदावतो आणि खाणे सर्वांच्या आधी पोचते. माझ्या वहीत तीर्थनचे जे सर्वांत मोठे ब्राऊन आहेत त्यातले निम्म्याहून जास्त दगडाच्या पुढून निघालेले आहेत. मागच्या जागेत लहान मासे असतात, मोठा पुढची जागा सोडत नाही.

आणि पाणी चढले की मासा काठाला येतो. मेच्या शेवटी हे वाक्य घोकून ठेवा. मधल्या धारेत उभे राहणे त्याला परवडत नाही, मग तो काठालगतच्या, काल कोरड्या असलेल्या दगडांमध्ये, गवताच्या मुळाशी, हातभर पाण्यात येऊन उभा राहतो. नवखा माणूस काय करतो? थेट पाण्यात उतरतो, गुडघाभर आत जाऊन नदीच्या मध्यावर गळ फेकतो. म्हणजे माशांवर पाय देऊन जिथे मासा नाही तिथे गरवतो. मी स्वतः पहिली दोन वर्षे हेच केले. तिसऱ्या वर्षी गुशैणीच्या एका वृद्ध मच्छीमाराने, ज्यांना आम्ही सगळे चाचाजी म्हणायचो, मला बाहीला धरून मागे ओढले आणि काठापासून दोन हातांवर, मी नुकता उतरणार होतो तिथे, आमिष सोडून मासा काढून दाखवला. तेव्हापासून मी पहिले दहा गळ काठावरून, पाण्यापासून दोन पावले मागे उभा राहून टाकतो.

खालून वर चालत जा, म्हणजे प्रवाहाच्या उलट. मासा वर बघत असतो, त्याच्या शेपटीकडून जाणारा त्याला कमी दिसतो. पाण्याच्या पृष्ठभागातून त्याला आकाश एका गोल खिडकीतून दिसते, आणि फार खाली, पाण्याला टेकलेल्या कोनात जे असते ते त्या खिडकीच्या कडेला दबलेले, पुसटसे दिसते. म्हणून वाकून चालणे, गुडघे टेकून गळ टाकणे याला खरेच अर्थ आहे. सूर्य पाठीशी असला तर आपली सावली कुठे पडते ते बघा. सावली पाण्यावर फिरली की त्या डोहात अर्धा तास काही होत नाही. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा मात्र घ्याच, तो नसेल तर यातले निम्मे तुम्हाला दिसणारच नाही.

काय खातो आहे हे बघायला घोटाभर पाण्यातला एक थाळीएवढा दगड उलटा करा. चपटे, तीन शेपट्यांचे किडे दिसतील ते मेफ्लायचे, दोन शेपट्यांचे मोठे ते स्टोनफ्लायचे, आणि वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत बसलेले ते कॅडिसचे. जे जास्त दिसतील त्या रंगाची आणि आकाराची फ्लाय लावायची. दगड पुन्हा होता तसा ठेवा, त्याखाली एक वस्ती आहे. मेच्या शेवटी मासा तळाशीच खातो, त्यामुळे बुडणारी, किंचित जड निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारखी फ्लाय. फ्लाय प्रवाहाच्या वेगानेच वाहिली पाहिजे. दोरी तिला ओढत असेल, तिच्यामागे पाण्यावर रेघ उठत असेल, तर मासा तोंड फिरवतो. वडिलांना फ्लायचा रॉड पहिल्या दिवशी देऊ नका. त्यांच्या हाताला गरीची सवय आहे, हलका स्पिनिंग रॉड आणि लहान स्पिनर त्यांना तासाभरात जमेल. सामानाबद्दल याहून जास्त लिहीत नाही, दुकानदार हवे त्याहून जास्त सांगतात.

हवेच्या दाबाबद्दल आणि अमावास्या-पौर्णिमेबद्दल विचारले आहे. वहीतल्या नोंदी मी दोन्ही बाजूंनी लावून पाहिल्या. मला त्यात काही सापडले नाही. पाण्याचे तापमान आणि पाणी चढते की उतरते, या दोनांपुढे बाकीचे सगळे फिके पडते.

पावसाचे मात्र वेगळे. वळवाची सर पडली की पहिली पंधरा-वीस मिनिटे मासा वेड्यासारखा खातो, कारण काठावरचे गांडूळ आणि किडे वाहून येतात. ती वेळ मोहाची आहे आणि धोक्याची आहे. तुमच्या डोक्यावर थेंब नसतानाही वर ढगफुटी झालेली असू शकते. पाण्यात अचानक हिरवी पाने आणि ताज्या काटक्या दिसू लागल्या, मातीचा वास आला, दगडांचा घरंगळण्याचा आवाज बदलला, की सामान गोळा करत बसायचे नाही, वर चढायचे. जुलै 2023 मध्ये कुल्लू जिल्ह्यात काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. सैंजचा बाजार नदीने नेला, आणि खोऱ्याखोऱ्यांतल्या नदीकाठची घरे-शेते गेली. पावसानंतरची खरी चांगली वेळ म्हणजे दुसरी सकाळ, पाणी उतरत असते आणि रंग हिरवट होऊ लागलेला असतो तेव्हाची.

धरणाखालच्या पाण्यात तर कधीच उतरू नका. तीर्थन लारजीजवळ बियासला मिळते, तिथे धरण आहे. 8 जून 2014 ला त्या धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादहून आलेले 24 विद्यार्थी वाहून गेले. ते फोटो काढायला कोरड्या दगडांवर उतरले होते. त्या वाटेने जाताना मी अजूनही गाडी थांबवून क्षणभर उभा राहतो. बर्फाची भरती चढायला तास घेते, धरणाची भरती मिनिटांत येते, आणि तिला ना सूर्याची वेळ ना चंद्राची.

वडिलांचे वय लक्षात घेऊन आणखी एक. खाडीच्या पाण्यात कंबरभर उभे राहणारा माणूस समजतो की इथे गुडघाभर म्हणजे काहीच नाही. पण वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, आणि 8 अंशांच्या पाण्यात पाय दहा मिनिटांत बधिर होतात. त्यांना नदी ओलांडू देऊ नका. तीर्थनला एका काठावरूनच दिवसभराचे पाणी आहे. हातात काठी, पायात खिळे किंवा खरखरीत तळ असलेले बूट, आणि वितळलेल्या पाण्याची वेळ झाली की काठावरचा चौथरा धरून बसायचे.

आता तळी. ऑगस्टमध्ये तुम्ही सोनमर्गहून नारानागला जाल. आपल्या महाराष्ट्रातून दर वर्षी किती तरी जण हा ट्रेक करतात, पण रॉड नेणारे मोजके. वाटेत विशनसर आणि कृष्णसर, पुढे गंगाबल आणि नुंदकोल, सगळी साधारण 3,500 ते 3,800 मीटर उंचीवर, आणि त्यांत ब्राऊन ट्राउट आहे. ऑगस्ट तिथे चांगला, कारण पीर पंजालच्या आडोशामुळे मान्सूनचा मारा हिमाचलइतका पडत नाही. तीर्थनला मात्र जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका.

नदीत पाणी चालते आणि मासा उभा असतो. तळ्यात पाणी उभे असते आणि मासा चालतो. हाच सगळा फरक आहे, आणि त्यामुळे पद्धत उलटी होते. नदीत तुम्ही जागा शोधत फिरता, तळ्यात एक जागा धरून बसता आणि मासा फेरी मारत येईल याची वाट बघता. बहुतेक मासे काठाला समांतर फिरतात, उथळ पट्टी संपून पाणी एकदम गडद निळे होते त्या कडेने. ती कडा उंचावरून, टेकाडावर चढून बघितली की नकाशासारखी दिसते. विशनसरवर मी दर वेळी आधी तंबूमागच्या चढावर वीस मिनिटे बसतो. एकच मासा दर दहा-बारा मिनिटांनी त्याच वाटेने जाताना दिसतो. मग खाली उतरून त्याच्या वाटेवर आमिष आधीच टाकून ठेवायचे.

बघायच्या जागा तीन. पहिली, ओढा तळ्यात शिरतो ते मुख. कृष्णसरचे पाणी विशनसरमध्ये येते, तिथे खाणेही येते आणि प्राणवायूही. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो, म्हणून 10 अंशांच्या पाण्यातही प्राणवायू त्याच प्रमाणात कमी मावतो. खळाळत येणारे पाणी माशाला हवे असते ते यामुळे. दुसरी, तळ्यातून पाणी बाहेर पडते ते तोंड. विशनसरमधून निघणारा प्रवाह म्हणजे किशनगंगेचा उगम. तिथे पाणी हळूहळू वाहू लागते आणि मासा पुन्हा नदीतल्यासारखा उभा राहतो, तुम्हाला ओळखीचे वाटेल. तिसरी, वारा ज्या काठाकडे वाहतो तो काठ. आपण वारा चुकवायला पाठीमागच्या शांत काठाला जातो, तिथे पाणी आरशासारखे सुंदर असते आणि रिकामे असते. कुरणातले टोळ, मुंग्या, माश्या वाऱ्याने पाण्यात पडतात आणि पलीकडच्या काठाला जमतात. गळ टाकायला त्रास झाला तरी चेहऱ्यावर वारा घेऊन उभे राहा.

तळ्यात वेळही वेगळी. वाऱ्याची पहिली झुळूक दहाच्या सुमारास येते, पाण्यावर सुरकुती उठते आणि मासा काठाजवळ यायला धीट होतो. आरसा झालेल्या पाण्यात दुपारी काही होत नाही. सूर्य डोंगराआड गेल्यावर अर्धा-पाऊण तास पाण्यावर गोल वलये उठतात, ती वेळ सोडू नका. त्यानंतर गारठा इतक्या झपाट्याने येतो की बोटांनी गाठ बांधता येत नाही. आमिष टाकले की थांबा. तळ्यात घाईने ओढणे हीच सर्वांत मोठी चूक.

माशाला हात लावण्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा मासा इथला नाही. 1900 साली स्कॉटलंडहून आलेली अंडी काश्मीरमध्ये जगली. त्याच्या आदल्या वर्षी पाठवलेली वाटेतच मेली होती. कुल्लूत तो 1909 च्या सुमारास आला. आता तो शंभरहून जास्त वर्षे इथे वाढतो आहे आणि खोऱ्यातल्या किती तरी घरांची चूल त्याच्यावर पेटते. पण त्याच पाण्यात इथला मूळचा मासा आहे, ज्याला उत्तराखंडात असेला आणि हिमाचलात गुगली म्हणतात. बारीक खवल्यांचा, खालच्या बाजूला तोंड असलेला, दगडावरचे शेवाळ खरवडणारा. तो गळाला लागला तर लगेच सोडा, ट्राउटने त्याची जागा आधीच खूप घेतली आहे.

सोडायचा मासा कसा सोडायचा: गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून सपाट करा. हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्या जागी बुरशी धरते. मासा पाण्याबाहेर फोटोपुरता, दहा सेकंद, त्याहून नाही. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरा, शेपटीने तो स्वतः निघेपर्यंत. आणि पाणी 18 अंशांवर गेले तर गरवणे थांबवा. मेच्या शेवटी ती वेळ येणार नाही, पण खालच्या अंगाला, बंजारच्या खाली, कोरड्या जूनच्या दुपारी येऊ शकते. तेव्हा सोडलेला मासाही दमून थोड्या वेळाने मरतो, तुम्हाला तो पोहून गेलेला दिसतो इतकेच.

पुढे कधी ऑक्टोबरमध्ये गेलात, आणि जा, कारण मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर हे तीर्थनचे सोने आहे, तर आणखी एक सांभाळा. पाणी तेव्हा खाली, नितळ, 9 ते 13 अंश, आणि मोठे ब्राऊन अंडी घालायला वरच्या अंगाला निघालेले असतात. उथळ पाण्यातल्या खडीत एखादा खाटेएवढा, आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखा पट्टा दिसला तर ते त्यांचे घरटे. मादी शेपटीने खडी उकरून त्यात अंडी पुरते. त्यावर पाय देऊ नका. ती अंडी फुटायला पाणी 10 अंशांचे असेल तर सहा आठवडे लागतात, 5 अंशांचे असेल तर सुमारे दुप्पट, म्हणजे तीर्थनच्या हिवाळ्यात ती महिनोन्महिने त्या खडीतच असतात. 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हिमाचलात ट्राउटची बंदी असते ती यासाठीच.

परवान्याचे काम पहिल्याच दिवशी उरका. बंजारजवळ नागिनीला मत्स्य विभागाचे ट्राउट केंद्र आहे, रस्त्यालगतच. परवाना दिवसाचा मिळतो आणि किती मासे, केवढे मासे ठेवता येतील ते त्यावरच्या अटींत असते, ते वडिलांना वाचून दाखवा. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतले नियम वेगळे आहेत, ते उद्यानाच्या कार्यालयात विचारा. काश्मीरमध्ये परवाना जम्मू-काश्मीरच्या मत्स्य विभागाचा, आणि नद्यांवर तो ठरावीक टप्प्यापुरता असतो. शेजारच्या टप्प्यात तो चालत नाही. तळ्यांचा परवाना श्रीनगरमध्येच काढून घ्या, सोनमर्ग सोडल्यावर वाटेत कुठे मिळणार नाही. केंद्राच्या हौदांमधले रेनबो वडिलांना जरूर दाखवा. नदीत पाण्याखाली जे ओळखायचे आहे, ते उभे राहणे, तोंड प्रवाहाकडे करणे, कडेला सरकून घास घेणे, तिथे हातभर अंतरावर दिसते. अर्धा तास तिथे थांबलात तर दुसऱ्या दिवशी नदीवर त्यांना काही सांगावे लागणार नाही.